घरातले लहानपणीचे गमतीदार किस्से लिहायला घेतले की फिके पडतात. ते कसे टिपावेत आणि कसे लिहावेत?

तुम्ही विचारलंय की घरात सगळे जमले की आजी, काका, आत्या लहानपणीचे एकेक किस्से काढतात, हसून हसून पुरेवाट होते, पण तेच लिहायला बसलं की चार ओळींत आटोपतात आणि वाचून कुणाला हसू येत नाही. सांगणारी माणसं आता थकत चालली आहेत, म्हणून हे जपायचं कसं, हाही प्रश्न आहे.

किस्सा कागदावर फिका पडतो तो बहुतेक वेळा लिहिता न आल्यामुळे पडत नाही. तो टिपतानाच अर्धा सांडलेला असतो. घरचा किस्सा आपल्या लक्षात राहतो तो सारांशाने: ‘दादाने कवळीची गंमत केली होती ती’. हसू असतं बारकाव्यात, म्हणजे पोर कुठे उभं होतं, हातात काय होतं, नेमका कुठला शब्द बोललं, आणि त्या क्षणी त्याला काय अगदी खरं वाटत होतं. हे बारकावे सांगणाऱ्याच्या डोक्यात असतात, पण विचारल्याशिवाय बाहेर येत नाहीत.

एक नमुना रचून दाखवतो. आधी नेहमीच्या पद्धतीने:

‘लहानपणी दादा फारच निरागस होता. एकदा आजोबांची कवळी पाहून त्याला वाटलं की सगळ्यांचेच दात निघतात. त्यानेही आपले दात काढायचा प्रयत्न केला. आम्ही सगळे खूप हसलो.’

आता तोच किस्सा बारकावे विचारून घेतल्यावर:

‘दादा साडेचार वर्षांचा. आजोबा रात्री कवळी काढून पेल्यात ठेवतात, हे त्याने त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी आरशासमोर स्टुलावर चढला, वरचे दात दोन्ही हातांनी धरले आणि ओढू लागला. बराच वेळ. लाळ कोपरापर्यंत आली. मग खाली उतरला, पेल्यात अर्धं पाणी भरलं आणि तो सांभाळत आजोबांच्या खाटेपाशी गेला. आजोबा झोपले होते. त्यांना हलवून जागं केलं आणि विचारलं, “आजोबा, तुम्ही कुठून उघडता?”’

दुसऱ्यात काम करतोय तो पाण्याचा पेला. दात अजून निघालेले नाहीत, पण ते ठेवायची सोय पोराने आधीच करून आणली आहे. म्हणजे दात निघणार याबद्दल त्याला तिळमात्र शंका नाही. दुसरं काम ‘उघडता’ या क्रियापदाचं. सांगणाऱ्याने आठवून ‘कसे काढता’ असं म्हटलं असतं, तर निम्मी गंमत गेली असती. आणि ‘निरागस’ व ‘खूप हसलो’ हे दोन्ही गेले, कारण ते वाचणाऱ्याने ठरवायचं.

आता हे काढून कसं घ्यायचं ते.

‘आजी, तुझ्या लहानपणीची एखादी गंमत सांग ना’ असं विचारू नका. या प्रश्नाला बहुतेक माणसं ‘आता काय आठवणार’ म्हणतात, किंवा शंभरदा सांगून गुळगुळीत झालेला एकच किस्सा पुन्हा सांगतात. आठवण वस्तू, जागा आणि माणूस यांना धरून वर येते. माझ्या मते सगळ्यांत चांगली सुरुवात म्हणजे घराचा नकाशा. कोरा कागद आणि पेन्सिल द्या आणि त्या लहानपणच्या घराचा नकाशा काढायला सांगा. नीट यायला हवा असं काही नाही. दार कुठे होतं, कोण कुठे झोपायचं, कुठली फळी वाजायची, वरच्या फडताळावर काय असायचं आणि तिथे हात पोचायला कशावर चढावं लागायचं, असं विचारत जा. ‘इथे कोनाडा होता’ म्हणताना हात थांबला, की आपणही थांबायचं. तिथे बहुधा काहीतरी लपवलेलं असतं.

त्यानंतरचे प्रश्न हे असे ठेवा: काय फुटलं आणि नाव कुणावर आलं? कुणाच्या वाटचा मार कुणी खाल्ला? कुठल्या नातेवाइकाला तुम्ही घाबरायचात आणि का? लहानपणी चुकीचा म्हटलेला कुठला शब्द घरात अजून तसाच वापरतात? मोठ्यांनी सांगितलेली कुठली थाप तुम्ही कितीतरी वर्षं खरी धरून चालला होतात? भावंडाला तुम्ही काय खोटं पटवून दिलं होतं? शेवटचे दोन प्रश्न मी कधीही वगळणार नाही. घरातल्या विनोदाचा मोठा भाग मुलाने जगाबद्दल बांधलेल्या चुकीच्या, पण त्याच्यापुरत्या बिनतोड तर्कातून येतो आणि हे प्रश्न थेट तिथे नेतात.

किस्सा सुरू झाला की पहिल्या फेरीत मध्ये बोलू नका. संपला की मागे जा: ‘तेव्हा तुमच्या हातात काय होतं?’, ‘ती कुठे उभी होती?’, ‘तो नेमकं काय म्हणाला, त्याच शब्दांत?’, ‘मग पुढे काय झालं?’ यातला शेवटचा प्रश्न लोक विसरतात. मार बसला का, वस्तू दुरुस्त झाली का, दुसऱ्या दिवशी कोण कुणाशी बोलत नव्हतं, हे शेपूट कित्येकदा मूळ किश्शापेक्षा सरस निघतं. म्हणून गोष्ट संपल्यावर चार-पाच सेकंद गप्प बसा. सांगणारा आपण होऊन ‘आणि गंमत म्हणजे...’ असं पुढे सुरू करतो, ती जागा आपण घाईने दुसरा प्रश्न विचारून बुजवतो.

वयाचं एक गणित माहीत असलं की बरं. साधारण तीन-साडेतीन वर्षांआधीचं बहुतेकांना स्वतःचं असं काही आठवत नाही. ‘मी दोन वर्षांची असताना’ असं सुरू होणारा किस्सा जवळजवळ नेहमी कुणाकडून तरी ऐकलेला असतो. तो टाकून द्यायचा नाही. मूळ कुणी सांगितला ते विचारायचं आणि ती व्यक्ती असेल तर तिच्याकडून पुन्हा घ्यायचा. उलट, चाळिशी ओलांडलेल्या माणसांना साधारण १० ते ३० या वयातल्या आठवणी इतर काळाच्या मानाने कितीतरी जास्त सुचतात. त्यामुळे आजोबांशी पहिली बैठक असेल तर सुरुवात शाळेच्या मधल्या वर्षांपासून करा आणि बोलण्याला ओघ आला की मागे जा.

ध्वनिमुद्रणाला मोबाइल पुरतो, फक्त काही गोष्टी पाळाव्या लागतात. फोन विमान मोडवर टाका, नाहीतर ऐन रंगात आलेल्या फोनने मुद्रण तुटतं. फोन सांगणाऱ्याच्या तोंडापासून ३० ते ४५ सेंटिमीटरवर ठेवा आणि खाली घडी घातलेला टॉवेल ठेवा, कारण टेबलावर बसणारी प्रत्येक थाप थेट मायक्रोफोनमध्ये घुसते. पंखा बंद. टिकटिकणारं घड्याळ दुसऱ्या खोलीत. रिकाम्या, फरशीच्या खोलीत आवाज घुमतो. गादी, पडदे, कपड्यांचं कपाट असलेली खोली कधीही चांगली. अर्ध्या मिनिटाची चाचणी घेऊन ती हेडफोन लावून ऐका, फोनच्या स्पीकरवर दोष कळत नाहीत. ऐकू कमी येत असेल तर ज्या कानाने बरं ऐकू येतं त्या बाजूला बसा आणि उजेड तुमच्या चेहऱ्यावर पडू द्या, म्हणजे ओठ दिसतात.

ॲपमध्ये वेव्ह (WAV, म्हणजे आवाज न दाबता साठवणारं) स्वरूप निवडता येत असेल तर ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, मोनो ठेवा. तासाला साधारण ५२० एमबी जागा लागते. जागा नसेल तर १२८ केबीपीएसचं (सेकंदाला १२८ किलोबिट) संकुचित मुद्रण तासाला ६० एमबीच्या आत बसतं आणि बोलणं त्यात स्पष्ट ऐकू येतं. सुरुवातीला तारीख, सांगणाऱ्याचं नाव, नातं आणि बसल्याची जागा मोठ्याने बोला. तुमच्या नातवंडांना ‘हा कुणाचा आवाज’ हे त्यातूनच कळणार आहे. मुद्रण सुरू आहे हे सांगणाऱ्याला माहीत असलंच पाहिजे. लपवून केलेलं मुद्रण कितीही रंगलेलं असलं तरी मी ते वापरू नका असंच सांगेन. पाऊण तास ते एक तास पुरे. त्यापुढे सांगणारा थकतो आणि उत्तरं आखडती होतात.

सगळ्यांत जास्त मुद्रणं खराब होतात ती आपल्या हसण्याने. किश्शाचा शेवटचा शब्द पडतो आणि खोलीभर हशा उसळतो. नेमका तो शब्द हशाखाली गाडला जातो. समोर बसणाऱ्याने मान हलवून, आवाज न करता हसायचं आणि एक दम घेऊन मग मोकळं हसायचं. इतरांनाही हे आधी सांगून ठेवा. हशा मुद्रणात हवाच, फक्त वाक्य संपल्यावर.

आधी प्रत्येकाला एकेकटं गाठा, मग दोघा-तिघांना एकत्र बसवा. एकत्र बसल्यावर जोराने बोलणाऱ्याचीच आवृत्ती सगळ्यांची होऊन बसते आणि धाकट्या आत्याला वेगळं काय आठवत होतं ते कायमचं पुसलं जातं. एकेकट्याच्या बैठका झाल्या की मात्र त्यांना खुशाल भांडू द्या. ‘सायकल तू पाडलीस’, ‘मी नव्हे, तूच’, या वादात जे तपशील बाहेर पडतात ते कुठल्याही प्रश्नाने मिळत नाहीत.

आठवण कितपत खरी, हा मुद्दा जरा सावकाश घेऊ. प्रत्येक वेळी सांगताना आठवण थोडी नव्याने जुळवली जाते आणि मधल्या फटी ऐकीव माहितीने भरल्या जातात. १९९५ साली अमेरिकेत एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॅकलिन पिकरेल या मानसशास्त्राच्या संशोधकांनी २४ जणांना त्यांच्या बालपणातले चार प्रसंग दिले. तीन घरच्यांकडून मिळवलेले खरे होते आणि चौथा, मोठ्या बाजार-संकुलात हरवल्याचा, बनावट. सहा जणांनी तो न घडलेला प्रसंग पूर्ण किंवा थोडाफार आठवत असल्याचं सांगितलं. २००२ साली किम्बर्ली वेड आणि सहकाऱ्यांनी बालपणीच्या फोटोत फेरफार करून माणसाला गरम हवेच्या फुग्यात बसलेलं दाखवलं, तेव्हा २० पैकी निम्म्या लोकांना ती सफर पुसट तरी ‘आठवली’.

घरच्या कामात याचा अर्थ इतकाच की सुचवणारे प्रश्न टाळायचे. ‘तेव्हा काका खूप चिडले होते ना?’ असं विचारलं की काका चिडलेच म्हणून समजा. ‘काकांनी काय केलं?’ एवढंच पुरे. फोटोही आधी दाखवू नका. आधी आठवेल तेवढं सांगून होऊ दे, मग अल्बम उघडा, आणि फोटो पाहिल्यावर जे नवीन सांगितलं गेलं त्याची नोंद वेगळी ठेवा.

दुसरा धोका उसन्या विनोदांचा. दारात कुणीतरी आलं आणि पोराने सांगितलं, ‘बाबा म्हणालेत, बाबा घरी नाहीत’ हा किस्सा कितीतरी घरांत स्वतःचा म्हणून सांगितला जातो. काही घरांत तो खरंच घडलाही असेल. ओळखायची युक्ती अशी: दारात कोण होतं, कशासाठी आलं होतं, नंतर बाबांनी काय केलं, हे विचारा. घडलेल्या प्रसंगाला बिनकामाचे तपशील चिकटलेले असतात, आलेला माणूस लंगडत होता, त्याची छत्री इथेच राहिली, असले. चुटका मात्र शेवटच्या वाक्यावर संपतो आणि त्यापलीकडे काहीच नसतं. ही काही पक्की कसोटी नव्हे, पण घरगुती कामाला चांगली उपयोगी पडते.

साल विचारत बसू नका, चुकतंच. इयत्ता विचारा, कुठल्या घरात राहत होतात ते विचारा, धाकटा भाऊ जन्मला होता का, चालायला लागला होता का ते विचारा. या खुणांवरून वर्ष तुम्हाला काढता येतं आणि दोन किस्से एकमेकांशी ताडून पाहता येतात. दोघांच्या आवृत्त्या जुळल्याच नाहीत तर दोन्ही लिहा, ‘आत्याच्या म्हणण्याप्रमाणे’ आणि ‘काकांच्या म्हणण्याप्रमाणे’. दोघंही स्वतःला बिनचूक समजत असले की ती जोडगोळी एकेकट्या आवृत्तीपेक्षा जास्त हसवते.

मुद्रण उतरवून काढताना सगळं टंकत बसलात तर तासाभराच्या बोलण्याला चार ते सहा तास सहज जातात. त्यापेक्षा एकदा ऐकत ऐकत सूची करा: ‘१२:४० कवळी’, ‘१९:०५ सायकल, वाद’. मग निवडलेले तुकडेच शब्दशः उतरवा. बोललेलं आपोआप टंकून देणारी साधनं मराठीला चालतात, पण टोपणनावं, घरगुती शब्द आणि दोघं एकदम बोलली ती जागा हमखास चुकवतात, म्हणून मूळ ऐकून तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका. बोली सुधारू नका. आजी ‘व्हतं’ म्हणाली असेल तर ते ‘होते’ करू नका. तिचा आवाज कागदावर टिकवायचा तो एवढाच एक मार्ग आहे.

लिहिताना एका किश्शाला २५० ते ४०० शब्द पुरतात. मोठी अडचण सुरुवातीची असते, कारण आपण घर, गाव, नातेवाईक यांची ओळख करून देत बसतो. किस्सा जिथे वळण घेतो त्याच्या जेमतेम दोन-तीन वाक्यं आधी सुरुवात करा आणि ओळख वाटेत होऊ द्या. नाव, वय आणि नातं पहिल्या दोन वाक्यांत आलं की वाचणाऱ्यासमोर माणूस उभा राहतो.

वाचणाऱ्याला त्या क्षणी पोराइतकंच कळलं पाहिजे. ‘त्याला काय माहीत की ती कवळी आहे’ असं आधीच लिहिलंत तर तुम्ही मोठ्यांच्या बाजूला जाऊन उभे राहिलात आणि पोराचा तर्क बावळटपणा होऊन गेला. तर्क पूर्ण मांडा, गंभीरपणे मांडा, त्याच्यावर टिप्पणी करू नका. ‘मजेशीर’, ‘धमाल’, ‘हसून लोटपोट’ हे शब्द पहिल्या खर्ड्यात आले तर येऊ द्या, दुसऱ्यात काढा. मोठ्यांची प्रतिक्रिया द्यायचीच असेल तर एखादी कृती द्या: आजी पाठ फिरवून भिंतीकडे तोंड करून उभी राहिली, एवढं लिहिलं तरी ती हसू दाबत होती हे समजतं. आणि बोललेलं वाक्य चांगलं असेल तर तिथेच थांबा. त्यानंतरचं ‘ते दिवस काही वेगळेच होते’ हे वाक्य मी तरी प्रत्येक वेळी खोडतो.

आता जे लिहू नये त्याबद्दल. घरात वर्षानुवर्षं हसून सांगितला जाणारा एखादा किस्सा ज्याच्यावर घडला त्याला अजून बोचत असतो. अंथरूण ओलं करणं, तोतरेपणा, रंग, वजन, नापास होणं, मार, या विषयांवरचे किस्से लिहिण्याआधी त्या माणसाला एकट्याला गाठून विचारा. चारचौघांत विचारू नका, तिथे तो ‘लिही की, त्यात काय’ म्हणणारच. एक खूण बघा: तो किस्सा तो स्वतः सांगतो का? इतर सांगतात आणि तो फक्त ऐकून घेतो, असं असेल तर बाजूला ठेवा. थोरांची फजिती, सांगणाऱ्याची स्वतःची फजिती आणि भावंडांचे आपसातले डाव यांत भरपूर माल असतो. घरातल्या आत्ताच्या लहान मुलांचे किस्से घरापुरते लिहा. बाहेर कुठे टाकायचे तर नाव बदला आणि मूल समजण्याइतकं मोठं असेल तर त्याला विचारा.

जुन्या कॅसेट असतील तर त्यांचं आधी बघा, कारण फीत आपल्यासाठी थांबत नाही, खराब होत जाते. फार वर्षं न वाजवलेली कॅसेट लगेच वाजवू नका. पूर्ण पुढे आणि मग पूर्ण मागे एकदा फिरवून घ्या. फितीवर पांढरी बुरशी दिसली तर फिरवूही नका, जाणकाराकडे द्या. नक्कल करायला वाजेल तितकाच वेळ लागतो, म्हणजे ६० मिनिटांच्या कॅसेटला दोन्ही बाजू मिळून एक तास. ४ गुणिले ६ इंचाचे फोटो ६०० डीपीआयने (इंचाला ६०० ठिपके) स्कॅन करा. मोबाइलनेच टिपायचे असतील तर खिडकीच्या तिरप्या उजेडात, फ्लॅश बंद ठेवून आणि फोन फोटोला समांतर धरून टिपा. मागे नावं लिहायची तर मऊ पेन्सिलीने, कडेला, हलक्या हाताने. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो.

फाइलची नावं तारखेने सुरू करा, वर्ष-महिना-दिवस या क्रमाने, म्हणजे आपोआप ओळीत लागतात: ‘२०२४-०५-१२_आत्या_कवळी’. तीन प्रती ठेवा, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साठवणीत, आणि त्यांतली एक दुसऱ्या घरी. एकट्या पेनड्राइव्हवर भिस्त ठेवू नका. लिहून झालेल्या मजकुराची कागदावर छापील प्रत काढाच. ती उघडायला कुठलंही यंत्र लागत नाही आणि घरातली थोरली माणसं तीच वाचतात.

छापण्याआधी मात्र खर्डा ज्याचा किस्सा आहे त्याला मोठ्याने वाचून दाखवा आणि तेव्हाही मुद्रण सुरू ठेवा. ‘छे, पेला नव्हता, वाटी होती’ अशा दुरुस्त्या येतात आणि त्या दुरुस्त्यांच्या मागोमाग तोवर कुणालाच न सांगितलेला एखादा किस्सा येतो. वाचताना सांगणारा कुठल्या वाक्याला गप्प झाला तेही टिपून ठेवा. ते वाक्य छापायचं की काढायचं, हे नंतर त्याला एकट्याला विचारा.